हात मागे, चेंडू पुढे
शिट्टी आणि नियम : लेखांक 6

विरारहून सुटलेली लोकल नायगाव सोडून खाडीपुलावर आली की काही प्रवाशांचे हात पिशवीत जातात. घरच्या देवाचे निर्माल्य, कधी नारळ, दारातून खाडीत सोडायचा ही जुनी सवय. टाकणाऱ्याच्या मनाने तो नारळ सरळ खाली जातो. गाडी ताशी 72 किलोमीटरने धावत असेल, तर तोच नारळ हातातून सुटताना सेकंदाला 20 मीटर वेगाने पुढे निघालेला असतो. पाणी गाठायला त्याला एक सेकंद लागला, तर तो जिथे सोडला तिथून 20 मीटर पुढे पडणार. पुलावरून पायी ये-जा करणाऱ्या पाणजू बेटावरच्या लोकांना हे शाळेत शिकावे लागलेले नाही. असे नारळ लागून माणसे जायबंदी झाली आहेत, जीवही गेला आहे. टाकणाऱ्याला विचारले तर तो म्हणेल, मी पुढे फेकलाच नव्हता. गाडीतून पाहिले तर त्याचे म्हणणे खरे आहे. पुलावरून पाहिले तर साफ खोटे.

रग्बी लीग या खेळातला सर्वांत चिवट वाद याच दोन वाक्यांमधला आहे. 1895 साली इंग्लंडच्या उत्तरेतले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि मूळ रग्बी संघटनेतून बाहेर पडले. गिरणी-खाणीतल्या खेळाडूंची सामन्यापायी मजुरी बुडते, ती भरून मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. त्यातून पुढे तेरा-तेरा खेळाडूंचा, सहा टॅकलमध्ये चेंडू सोडायला लावणारा वेगवान खेळ घडला. पण थोरल्या घरातली, म्हणजे रग्बी युनियनमधली, एक अट दोन्ही खेळांनी सोडली नाही. चेंडू घेऊन पुढे पळता येते, पायाने पुढे मारता येतो, हाताने मात्र पुढे देता येत नाही. पुढे दिला की फॉरवर्ड पास, आणि पंचाची शिट्टी. आता 'पुढे' म्हणजे कोणाच्या पुढे, एवढाच प्रश्न उरतो.

लीगच्या नियमपुस्तकाने याचे उत्तर दिलेले आहे आणि ते निःसंदिग्ध आहे. पासची दिशा पास देणाऱ्या खेळाडूच्या संदर्भात पाहायची, जमिनीच्या संदर्भात नाही. धावणाऱ्याने मागच्या सहकाऱ्याकडे चेंडू टाकला आणि स्वतःच्या धावेच्या वेगामुळे तो जमिनीवरून पाहता पुढे सरकला, तर तो फॉरवर्ड पास नाही, असा खुलासा नियमातच आहे. नीट दिलेला चेंडू नंतर वाऱ्याने पुढे नेला, तरी खेळ चालू ठेवायचा. आकड्यांत पाहू. खेळाडू सेकंदाला 8 मीटर वेगाने धावतो आहे आणि बाजूच्या सहकाऱ्याला पास देताना चेंडू स्वतःच्या मागे सेकंदाला 3 मीटर वेगाने टाकतो आहे. जमिनीच्या हिशेबाने चेंडू अजूनही सेकंदाला 5 मीटर पुढेच चालला आहे. हवेत तो 0.6 सेकंद राहिला, तर मैदानावर तब्बल 3 मीटर पुढे जाऊन झेलला जाईल. पास देणारा तसाच धावत राहिला, तर तोवर तो 4.8 मीटर पुढे गेलेला असेल, म्हणजे चेंडू त्याच्या मागेच झेलला जातो आणि कोणी काही बोलत नाही. पण पास सुटताक्षणी त्याला आडवे पाडले, तर तो जागीच राहतो आणि चेंडू त्याच्या 3 मीटर पुढे झेललेला दिसतो. पास तोच, हात तेच. बदलला तो फक्त पाडणारा. आणि प्रेक्षागार ओरडते.

माझे म्हणणे असे की या ओरडण्याला कॅमेऱ्याने बळ देऊ नये. टीव्हीवर पुनःप्रक्षेपण करताना मैदानावर आखलेल्या दहा-दहा मीटरच्या पांढऱ्या रेघा चेंडूखाली स्पष्ट दिसतात. चेंडू कोणत्या रेघेपासून सुटला आणि कोणत्या रेघेपाशी झेलला, हे आपण सहज मोजतो आणि निकाल देऊन मोकळे होतो. चित्र खरे असते, प्रश्न चुकलेला असतो. रेघा जमिनीला चिकटलेल्या आहेत, नियम धावणाऱ्याला. त्यात कॅमेरा पासच्या रेषेत क्वचितच असतो. जागा तिरकी असली की नजर कशी फसते, हे फुटबॉलमध्ये तपासले गेले आहे: डच संशोधकांनी 2000 साली 'नेचर'मध्ये दाखवले की ऑफसाइडच्या कितीतरी चुका सहायक पंच बचावपटूच्या नेमक्या रेषेत उभा नसल्यामुळे होतात. जे निशाण धरून पळणाऱ्या माणसाला लागू आहे, ते तिवईवर बसवलेल्या कॅमेऱ्याला का लागू नसावे? शिवाय सेकंदाला 25 चित्रे टिपणाऱ्या प्रक्षेपणात 8 मीटर वेगाचा खेळाडू एका चित्रातून दुसऱ्या चित्रात 32 सेंटिमीटर सरकलेला असतो. चेंडू हातातून सुटण्याचा क्षण बहुधा या दोन चित्रांच्या फटीत हरवतो.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय रग्बी लीगने हे ओळखले, हा तिचा शहाणपणा. 2016 पासून तिथे 'बंकर' नावाची मध्यवर्ती खोली आहे. ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण) झाला की नाही, पाय रेषेबाहेर गेला का, हे तिथले पंच पडद्यांवर तपासतात. फॉरवर्ड पास मात्र त्यांच्या अधिकाराबाहेर ठेवला आहे. तो निर्णय मैदानावरचा पंच आणि कडेने खेळाबरोबर धावणारे टच जज यांचाच. हे ऐकून पहिला आक्षेप येतो तो असा, की पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनमध्ये टीव्ही पंच फॉरवर्ड पास सर्रास तपासतात, मग लीगलाच एवढे सोवळे कशाला? युनियनचा नियम वाचला की उत्तर मिळते. पास देणाऱ्याचे हात प्रतिस्पर्ध्याच्या रेषेकडे गेले का, असे त्यांचा नियम विचारतो. म्हणजे पडद्यासमोर बसूनही त्यांना चेंडूचा मार्ग विसरून मनगटाकडेच पाहावे लागते. जून 2025 मध्ये पहिली रग्बी प्रीमियर लीग अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात झाली, आपल्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवर. ती सात-सात जणांची युनियन. पासचे तत्त्व तिथेही हेच.

दुसरा आक्षेप जास्त भाबडा आणि म्हणून जास्त लोकप्रिय आहे. हे सापेक्ष वगैरे कशाला, जमिनीवर पुढे गेला की पुढे, असा सरळ नियम करा. करून पाहू. वरच्या उदाहरणातल्या खेळाडूला मग चेंडू स्वतःच्या मागे सेकंदाला 8 मीटरहून जास्त वेगाने भिरकवावा लागेल. भर वेगात पास देणे जवळजवळ बंद होईल. प्रत्येक जण आधी पाय आवरेल, मग हात उघडेल. ज्या वेगासाठी हा खेळ पाहायचा, तोच पहिल्यांदा जाईल. नियम सोपा करण्याच्या नादात खेळ अवघड होण्याची ही नमुनेदार गोष्ट ठरेल.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. चेंडूत चिप बसवा, खेळाडूंच्या पाठीवर आधीच जीपीएसची डबी असते, दोघांचा वेग वजा करा, निकाल तयार. हे एकच यंत्र असे आहे की जे योग्य प्रश्न विचारते, हे मान्य केले पाहिजे. अडचण बारकाव्याची आहे. पाठीवरच्या डब्या साधारणपणे सेकंदाला दहा नोंदी घेतात. तेवढ्यात आपला धावपटू 80 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. आणि डबी धडाचा वेग सांगते. वळत, पडत, एका हाताने चेंडू सोडणाऱ्या माणसाचे धड आणि हात एकाच वेगाने जात नाहीत. ही फट बुजली की मी माझे मत आनंदाने मागे घेईन. तोवर मानवी नजरेला एक सोय आहे जी पडद्याला नाही: टच जज स्वतः खेळाबरोबर धावतो. तोही जवळपास त्याच गाडीत बसलेला असतो म्हणा ना.

तरीही माणूस चुकतोच, आणि लाखो लोक पुनःप्रक्षेपण पाहत असताना पंचाला एकट्याला अंधारात ठेवणे क्रूर नाही का? या प्रश्नावर आपल्या मातीतल्या खेळाने एक धडा दिला आहे. 7 ऑक्टोबर 2023, हांगझोऊ, आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना. भारत आणि इराण 28-28, सामना संपत आलेला. भारताचा पवन सेहरावत चढाईत कोणालाही न शिवता लॉबीत, म्हणजे कडेच्या पट्टीत, गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही गेले. वसईच्या चिमाजी अप्पा मैदानाच्या कडेला उभा राहणारा शाळकरी पोरगाही सांगेल की स्पर्श होईपर्यंत लॉबी मैदानात धरत नाहीत. पण बाद कोण? जुन्या नियमाने आत शिरलेले सगळे, नव्या नियमाने फक्त चढाईपटू. निर्णय फिरला, पुन्हा फिरला, दोन्ही संघ मैदानातच बसले आणि सामना तासभर अडला. शेवटी भारताला चार गुण, इराणला एक. भारत 33-29 असा जिंकला. त्या तासाभरात चित्र कोणालाच अस्पष्ट दिसत नव्हते. कोणाचा पाय कुठे पडला यावर दुमत नव्हतेच. कोणते माप लावायचे हे ठरलेले नव्हते, आणि ते माप कितीही वेळा चित्रफीत मागे फिरवून पडद्यावर उमटत नाही.

फॉरवर्ड पासमध्ये माप ठरलेले आहे, लिहिलेले आहे, फक्त पडद्यावरच्या रेघा भलतेच माप आपल्या हातात देतात. म्हणून या एका निर्णयापुरते पडद्याला बाहेर ठेवण्याचा लीगचा नियम मला बरोबर वाटतो. पंचाची नजर कॅमेऱ्याहून तीक्ष्ण आहे, असा दावा त्यात नाही. त्यातून काही चुका राहतील. पण कॅमेरा आणला तर योग्य पास बाद ठरवणाऱ्या चुका वाढतील, आणि त्या पुराव्याचा शिक्का घेऊन येतील.

वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी रग्बीचा सामना लागला आणि समालोचक 'साफ पुढे होता' म्हणाला, तर चेंडू सोडून द्या. पास देणाऱ्याची मनगटे चेंडू सुटताना कुठे वळली, तेवढेच पाहा. पुढच्या आठवड्यात झेल सुटून चेंडू पुढे पडतो, त्या नॉक-ऑनकडे वळू.