शिबिराचा दुसरा दिवस

पहाटे ५.३०. घोटावड्याच्या बाजूला मे महिन्यातही पहाटेचा वारा गार असतो. मुलांच्या शिबिरासाठी भाड्याने घेतलेल्या शेतघरात सगळ्यांत आधी स्वयंपाकाच्या मावशी उठतात, त्यांच्या मागोमाग आम्ही शब्बाथ शाळेच्या टीचर. पाळकसाहेब पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट करत नाश्त्याला पोचतात.

६.३०. नळ दोन, रांग मोठी. कुणाचा ब्रश घरी राहिलाय, कुणाचं पांघरूण ओलं. बोभाटा न करता ते वाळत घालायचं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

७.४५. पोहे, दूध, शिरगणती. आईवडिलांच्या सहीचा अर्ज नसेल तर मंडळीतल्या घरचं मूलही घ्यायचं नाही. गावातली पोरं खेळायला आली तर येऊ देतो, पण पाठाला बसवायचं तर आधी त्यांच्या घरी विचारून. पोक्सो कायदा २०१२चा. तेव्हापासून आपल्याकडच्या शिबिरांनी एक नियम तरी अंगी लावून घ्यायला हवा होता: कुणीही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा थांबणार नाही. आम्ही तो पाळतो. आणि नदीकडे जायचं नाही, यावर चर्चाच नाही.

९.००. तरुण संघाची पोरं गिटार घेऊन उभी राहतात. कृतिगीतं, निम्मी इंग्रजी. उड्या मारून मारून मुलं घामाघूम.

१०.००. पाठ. लूकच्या १५व्या अध्यायातलं हरवलेलं मेंढरू. फ्लॅनेलच्या फळ्यावर लावलेलं कापसाचं मेंढरू पंख्याच्या वाऱ्याने सारखं गळून पडत होतं. शेवटी टीचरने साडीची पिन काढून त्याला टोचली. एकीने विचारलं, "मग बाकीची नव्व्याण्णव कोण सांभाळतं?" शेतघर राखणाऱ्याचा मुलगा, आईला विचारूनच बसवलेला, पटकन म्हणाला, "कुत्रं असतं ना." लूकने कुत्र्याचं नाव काढलेलं नाही, पण मेंढरं पाहिलेल्या पोराशी वाद कोण घालणार?

१.००. वरण-भात, बटाट्याची भाजी. मग मुलांची झोप, आणि आमची कात्री-कागदांशी झटापट. इंग्लंडात ग्लॉस्टरला १७८०च्या सुमारास रॉबर्ट रेक्स यांनी आठवडाभर कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी रविवारच्या शाळा, म्हणजे आपल्या शब्बाथ शाळाच, काढल्या. नाव त्यांचं झालं. शिकवायला मात्र त्यांनी पगारावर बायका ठेवल्या होत्या. आम्हाला तोही नाही!

५.००. लगोरी, खो-खो, दोन खरचटलेले गुडघे.

७.३०. भजन. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी मराठी मंडळीला आपल्या मातीतली भजनं दिली. पेटी सुरू झाली की सकाळी गिटारवर नाचलेली तीच मुलं टाळांसाठी भांडतात. कृतिगीतांना माझी ना नाही, पण भजनाला कात्री लावून त्यांना वेळ देणं मला पटत नाही.

१०.१५. मुलं झोपली. टीचरांची बैठक, उद्याच्या समारोपाची आभाराची यादी: पाळकसाहेब, पाहुणे वक्ते, शेतघराचे मालक. मावशींचं नाव कुणीतरी मागाहून घातलं.

मंडळीतल्या बापमाणसांनो, आभार मानायला तुम्ही दरवर्षी वेळेवर येता. पुढच्या मे महिन्यात दोन दिवस रजा काढून आधीच या. चपात्या लाटता येत नसतील तर सकाळी नळापाशी उभे राहा.