मुदत हलते, देणे टळत नाही

श्रावण वद्यात पर्युषणाची चाहूल लागते आणि त्याच सुमारास अनेक महाविद्यालयांच्या फलकावर अंतर्गत परीक्षांचे वेळापत्रक झळकते. घरी राहून शिकणाऱ्या मुलामुलींचे निभावते. परगावच्या वसतिगृहात राहणाऱ्यांपुढे मात्र खरा पेच उभा राहतो. कोणी अठ्ठाईचा संकल्प केलेला असतो. त्याला दिवसा उकळलेले पाणी हवे असते. कोणी निदान चौविहार पाळू पाहतो, तर मेसचे दार सूर्यास्तानंतर उघडते. त्यात ऐन संवत्सरीला पेपर आला, तर व्रत मोडावे की गुण गमवावेत? शिवाय ७५ टक्के उपस्थितीची अट डोक्यावर असतेच.

अशा वेळी ‘विद्यापीठाने संवत्सरीची सुटीच द्यावी’ ही मागणी सहज ओठावर येते. परंतु सुटी कोणत्या दिवशी? बहुतांश मूर्तिपूजक श्वेतांबरांची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला असते. त्या दिवशी महाराष्ट्रात गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुटी असल्याने ही अडचण आपल्याला फारशी जाणवत नाही. स्थानकवासी व तेरापंथी परंपरेत संवत्सरी पंचमीची. तो कामाचा दिवस. दिगंबरांचे दशलक्षण पर्व तर पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालते. आपल्यातच तिथी एक नसताना विद्यापीठाने कोणती तारीख धरावी?

संख्येचाही विचार करावा लागतो. १५ जानेवारी २०२५ रोजी होणारी यूजीसी-नेट परीक्षा पोंगल आणि मकर संक्रांतीमुळे पुढे ढकलण्यात आली. तेथे कोट्यवधी लोकांच्या सणाचा प्रश्न होता. २०११ च्या जनगणनेनुसार देशात जैन सुमारे ४४ लाख ५० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या अर्धा टक्काही नाहीत. २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तरी त्यामुळे परीक्षेचे वेळापत्रक आपोआप बदलत नाही.

मार्ग व्यापाऱ्याच्या परिचयाचाच आहे. १८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवज कायद्याचे कलम २५ सांगते, की प्रॉमिसरी नोटेची मुदत सार्वजनिक सुटीच्या दिवशी भरत असेल, तर ती आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय होते. देणे माफ होत नाही. केवळ दिवस हलतो. विद्यार्थ्याच्या परीक्षेलाही हेच तत्त्व लागू करता येईल. सर्वांना सुटी नको, परीक्षेतून सूटही नको. ज्याचे पर्व आहे, त्याला तोच पेपर दुसऱ्या दिवशी देता यावा.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण कायद्यात, धर्मश्रद्धेमुळे एखाद्या दिवशी अनुपस्थित राहणाऱ्या विद्यार्थ्याला ती परीक्षा अन्य वेळी देण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी जादा शुल्क आकारता येत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला ऐच्छिक सुट्यांच्या यादीतून वर्षाला दोन दिवस निवडता येतात. नोकरदाराला असलेली ही मुभा विद्यार्थ्याला का नसावी?

मात्र सवलत मागणाऱ्याचेही कर्तव्य असते. सत्राच्या आरंभीच पंचांग पाहून तारखा लेखी कळवाव्यात. आदल्या रात्री प्राध्यापकांना फोन करून संकोचात टाकू नये. मेसच्या व्यवस्थापकाला भेटून सूर्यास्तापूर्वीचा डबा, कंदमूळविरहित भाजी आणि उकळलेले पाणी यांची व्यवस्था ठरवून घ्यावी. पाच-सहा विद्यार्थ्यांनी मिळून एकच अर्ज दिला, तर व्यवस्थापनालाही सोयीचे होते. पालकांनीही प्रवेश घेतानाच शुल्काबरोबर या गोष्टींची चौकशी करावी.

आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत महावीर जैन विद्यालय उभे राहिले, ते आपली मुले धर्म सांभाळून उच्च शिक्षण घेऊ शकावीत म्हणून. आज मुले देशोदेशी जातात; प्रत्येक ठिकाणी समाजाचे वसतिगृह असणार नाही. तेथे त्यांच्याजवळ वेळेवर केलेला एक साधा, नम्र अर्ज असला पाहिजे. आणि सवलत मिळाल्यावर तो दिवस खरोखर तप, स्वाध्याय व प्रतिक्रमण यांत गेला पाहिजे. दिवस हलवून घेतला, तर पेपरही चोख दिला पाहिजे. पेढीवर जशी पत, तशीच ही. एका विद्यार्थ्याने ती राखली, तर पुढच्या वर्षी येणाऱ्याचा अर्ज सहज मंजूर होतो.