शॉकअप रडतोय? आधी पाइप तपासा!

पावसाळा संपत आला की आपली बाइक एक सूचना देते आणि आपण ती फडक्याने पुसून टाकतो. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत पाइपवर तेलाचं काळपट वळं दिसतं. पुसलं की जातं, चार दिवसांनी पुन्हा हजर!

आज पार्किंगमध्ये गेलात की दोन्ही पाइपवरून बोट फिरवून बघा. तेलकट लागलं, तर पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात खाली दाबा आणि सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा हिंदकळत राहिली, तर शॉकअपमधलं तेल कमी झालंय किंवा पार खराब झालंय.

आत असतं काय?

एक स्प्रिंग आणि थोडं तेल. खड्डा आला की स्प्रिंग दबते. पण नुसती स्प्रिंग असती तर गाडी उड्या मारतच राहिली असती. म्हणून आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उडी आवरली जाते. बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ या मोटारसायकलला असा शॉकअप दिला. तुमच्या १०० सीसीच्या गाडीतही तत्त्व तेच.

हे तेल आत कोंडून ठेवते रबराची एक रिंग, म्हणजेच ऑईल सील. ती फाटली की तेल ओघळतं आणि ओघळत डिस्क आणि ब्रेक पॅडपर्यंत जाऊ शकतं. ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेकच करतो. तोच तेलकट झाला तर? म्हणून ‘बघू दिवाळीत’ म्हणू नका.

सुटीच्या दिवशी, घरच्या घरी

साधा शॉकअप असलेल्या बाइकचं हे काम दोघांनी मिळून जमतं. पाने, अॅलन की, नवे सील, डस्ट कव्हर, तांब्याचे वॉशर आणि फोर्क ऑईल जमवा. तेल कुठल्या ग्रेडचं आणि किती, हे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. घरात उरलेलं इंजिन ऑईल ओतू नका.

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा पक्का बसवा. गाडी हलवून बघा. डुलत असेल तर पुढे जाऊच नका. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. ब्रेकचा कॅलिपर काढलात तर तो दोरीने बांधून ठेवा, होजवर लटकू देऊ नका. डिस्क बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही, हे मित्रालाही सांगून ठेवा.

चाक निघालं की शॉकअप गाडीत असतानाच तळाचा अॅलन बोल्ट थोडा सैल करा. स्प्रिंगचा दाब असताना तो सुटतो, नंतर आतला दांडा नुसता गरगर फिरतो. वरची कॅपही आत्ताच सैल करा. मग ‘टी’चे बोल्ट ढिले करून शॉकअप खाली ओढून घ्या. कॅप पूर्ण उघडताना तळहाताने दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवा, कारण खाली स्प्रिंग दबलेली असते. जुनं तेल डब्यात काढा आणि गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात नेऊन द्या. गटारात नको.

आता डस्ट कव्हर, मग तारेची लॉक रिंग आणि मग जुनं सील काढा. पेचकसाखाली कापड ठेवा, सीलच्या जागेवर ओरखडा पडता कामा नये.

खरा गुन्हेगार

सील बदललं आणि महिन्यात पुन्हा गळायला लागलं, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. अशा वेळी अनेकदा सील निर्दोष असतं. पाइपवर गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात. शॉकअप खाली-वर होताना ते खड्डे नव्या सीलची कड कानशीसारखी घासत राहतात.

म्हणून पाइप स्वच्छ पुसा आणि त्यावरून नख फिरवा. सील जिथे घासतं त्या भागात नख अडकलं, तर पाइप बदला. मग पाइप जाड काचेवर लोळवा. डुगडुगला तर तो वाकलाय. ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका. इथे पैसे वाचवलेत तर बाकी सगळी मेहनत वाया.

उलट क्रमाने जोडणी

पाइप आत घाला, स्प्रिंग दाबून धरा आणि नव्या वॉशरसह तळाचा बोल्ट आवळा. पाइपच्या वरच्या कडेवर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी चढवा, म्हणजे सील सरकवताना कापलं जाणार नाही. सीलची अक्षरं असलेली बाजू वर ठेवा. त्यावर जुनं सील ठेवून पीव्हीसी पाइपने हळूहळू, सगळीकडून सारखं ठोका. लॉक रिंग खाचेत नीट बसली पाहिजे. तेल मापाने भरा, दोन्हीकडे सारखंच. पाइप हळूहळू खाली-वर करून हवा काढा, मग स्प्रिंग आणि कॅप.

गाडीवर बसवताना दोन्ही पाइपची उंची एकच हवी. शेवटी ब्रेक लिव्हर कडक होईपर्यंत दाबा. पॅड तेलात भिजले असतील तर नवे घाला. पहिली फेरी सोसायटीच्या आतच आणि हळू मारा. मग सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

मध्येच काही अडलं, तळाचा बोल्ट निघालाच नाही, तर शॉकअप पिशवीत घालून सरळ गॅरेजला जा. त्यात कमीपणा काही नाही. आणि मेकॅनिकला एकच विचारा, ‘दादा, पाइपवर नख फिरवून बघितलंत का?’