फिगरसंग्राहक व गेमप्रेमी रुग्णाची दिनचर्या : प्रश्नपरीक्षेच्या दृष्टीने काही विचार

रुग्णाचा आहार, विहार, व्यवसाय आणि सात्म्य जाणून घेतल्यावाचून निदानाकडे वळू नये, ही शिकवण आपणां सर्वांस आहे. रापण ओढणाऱ्याची कंबर का दुखते, आंबा-काजूच्या हंगामात बागायतदाराचे जेवण किती वाजता होते, पर्यटनाच्या दिवसांत खानावळ चालविणाऱ्या गृहिणीस पित्ताचा त्रास का होतो, हे किनाऱ्यावरील वैद्यास विचारावेही लागत नाही. त्या दिवसाचे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर असते. तथापि गेल्या काही वर्षांत मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात एक असा रुग्ण येऊ लागला आहे, ज्याच्या दिवसाचे कोणतेही चित्र आपल्यापाशी नाही. वय साधारण सोळा ते तीस. बहुधा तो स्वतः येत नाही, आणला जातो. "डॉक्टरानू, झील रातभर मोबायलात डोळे घालून बसता, जेवणाचा भान नाय, आणि वर कपाटात बावल्यो मांडून ठेयता," एवढ्यात आईची तक्रार संपते.

यापुढे जे घडते तेही आपणांस परिचित आहे. ब्राह्मी-शंखपुष्पीचे सिरप, एखादा बल्य योग, डोळ्यांत घालण्यास थेंब आणि मोबाईलच्या दुष्परिणामांवर दहा मिनिटांचे व्याख्यान. तरुण मान हलवितो आणि पुन्हा फिरकत नाही. सहा महिन्यांनी तोच तरुण अम्लपित्त, शिरःशूल किंवा अर्श घेऊन दुसऱ्या चिकित्सालयात जातो व तेथे गेमचा विषय काढीत नाही. हा रुग्ण आपल्या हातून निसटू नये असे वाटत असेल, तर त्याचा दिवस त्याच्याच शब्दांत समजून घेणे अवश्य आहे.

प्रथम 'बाहुल्यां'विषयी. ॲनिमे म्हणजे जपानी शैलीचे चलच्चित्र. हा प्रकार आपणांस अगदीच परका नाही. १९९३ साली दूरदर्शनवर आलेली 'जंगल बुक' ही मालिका जपानी संस्थेने १९८९ साली केलेली होती, आणि आमच्या पिढीने ती रविवारी सकाळी आंघोळीआधी पाहिली आहे. अशा कथांतील पात्रांच्या लहान मूर्तींना संग्राहक 'फिगर' म्हणतात. त्या पीव्हीसी व एबीएस या प्लास्टिकच्या असतात. 'नेंडोरॉइड' नावाच्या, २००६ सालापासून निघणाऱ्या मालिकेतील मूर्ती सुमारे १० सेंटिमीटर उंच, मोठ्या डोक्याच्या आणि चेहरे बदलता येणाऱ्या. तर 'स्केल' फिगर पात्राच्या कल्पित उंचीच्या एकसप्तमांश किंवा एकअष्टमांश प्रमाणात, अधिक बारकाईने रंगविलेल्या. मूर्ती बाजारात येण्यापूर्वी अनेक महिने आगाऊ नोंदणी करावी लागते. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के व २०२३ साली ७० टक्के झाले, त्यामुळे अस्सल वस्तू महाग पडते आणि नकली माल फार. खरी-खोटी ओळखणे हा या मंडळींच्या अभ्यासाचा विषयच आहे. आपण बाजारातून आलेले केशर किंवा वंशलोचन पारखतो, तसाच.

किनाऱ्यावरच्या संग्राहकास आणखी एक चिंता असते. उष्णता व दमट बंदिस्त हवा यांमुळे पीव्हीसीत मिसळलेले मृदुकारक द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते आणि मूर्ती चिकट होते. मग ती कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी लागते, उन्हापासून दूर ठेवावी लागते आणि पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या लागतात. औषधविक्रेत्यांनी आठवून पाहावे, डब्यातल्या त्या पुड्या मागणारा एखादा तरुण त्यांच्या दुकानात येऊन गेला असेल.

आता एवढी निगा, प्रतीक्षा आणि पारख ज्यात आहे, तो छंद रोग म्हणावा काय? आमचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. सिंधुदुर्गात तरी असे म्हणणे शोभत नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे आणि खेळणी घरोघरी काचेच्या कपाटात मांडलेली असतात व ती मांडणारे सर्व प्रौढ असतात. त्यासाठी परंपरेने वापरले जाणारे हलके लाकूड पांगाऱ्याचे, म्हणजे आपला पारिभद्र. आणि त्यावरील चकाकी लाखेची, म्हणजे आपली लाक्षा. तेथील गंजिफा तर खेळ आणि संग्रह दोन्ही. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० गोल पाने. दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजापासून आरंभ, रात्री कृष्णाच्या. नामशेष होऊ घातलेली ही कला १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्यांकडून शिकून पुन्हा उभी केली. खेळण्यांची महती तर चरकाचार्यांनीही जाणली होती. शारीरस्थानाच्या शेवटच्या अध्यायात बालकाचे क्रीडनक रंगीत, आवाज करणारे, हलके, अणकुचीदार नसलेले, तोंडात न जाणारे व भय न उपजविणारे असावे, असे सांगितले आहे. बालकाचे लक्षण चोवीस वर्षांच्या तरुणास लागू नाही हे खरे. परंतु रम्य प्रतिमा पाहून मन प्रसन्न होणे वयाबरोबर थांबते, असेही कोणत्या संहितेत नाही.

तेव्हा कपाटातील मूर्तींविषयी वैद्याने एकच प्रश्न विचारावा : पैसा कोठून येतो? पगारातून किंवा साठवणुकीतून येत असेल तर विषय संपला. कर्ज किंवा घरातून न सांगता घेतलेले पैसे असतील तर तो निराळा विषय, आणि तेथे गेमचाही संबंध असू शकतो. जपानमध्ये नाणे टाकून कळ फिरविली की आत कोणते खेळणे आहे हे न कळता एक गोळा बाहेर पडतो; त्या यंत्राच्या नावावरून 'गाचा' हा शब्द आला आणि तो मोबाईल गेममध्ये शिरला. तेथे वस्तू नव्हे, तर वस्तू मिळण्याची शक्यता विकत घ्यावी लागते. काचेच्या कपाटापेक्षा हा प्रकार आम्हांस अधिक काळजीचा वाटतो. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने प्रतिबंधित झाले. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. म्हणून 'गेम खेळतोस का' हा प्रश्न पुरेसा नाही. कोणता खेळतोस, कोणाबरोबर, आणि त्यात पैसा जातो का, असे विचारावे.

अशा तरुणाचा प्रातिनिधिक दिवस पाहू. पर्यटनाच्या हंगामात तो सकाळी घरच्या निवासव्यवस्थेत किंवा दुकानात काम करतो. सायंकाळी पात्रांच्या कथा पाहतो, मूर्ती पुसतो. रात्री दहाला मित्र जमतात, म्हणजे जो तो आपापल्या घरी, कानात हेडफोन घालून. एक कुडाळात, एक मुंबईत, एक पुण्यात. अनेकदा गावाबाहेर गेलेल्या वर्गमित्रांशी त्याचा एवढाच संबंध उरलेला असतो. पहाटे चारला तो झोपतो. पावसाळ्यात, जून-जुलैत मासेमारी बंद आणि जलक्रीडाही बंद, तेव्हा सकाळी उठविणारे कोणी नसते व चक्र पूर्णपणे उलटते. आमच्याकडे असे रुग्ण श्रावणापूर्वी अधिक येतात, यात नवल नाही.

घरातील भांडण बहुधा जेवणावरून होते आणि त्याचे कारण आईवडिलांस ठाऊक नसते. बीजीएमआयसारख्या खेळात एक सामना सुमारे अर्धा तास चालतो. तो मध्येच थांबवता येत नाही. सोडला तर आपली श्रेणी घसरते व चौघांच्या तुकडीतील इतर तिघे अडचणीत येतात. आई हाक मारते ती नेमकी सामन्याच्या मध्यावर. कबड्डीच्या मैदानावरून चढाई चालू असता मुलास जेवावयास बोलाविण्यासारखे हे आहे. जेवण साडेआठला, पहिल्या सामन्यापूर्वी वाढावे, एवढ्या सूचनेने अर्धे भांडण मिटलेले आम्ही पाहिले आहे.

आता हेतुविचार. चरकाने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात चक्षुरिंद्रियाचा अतियोग व मिथ्यायोग सांगितला आहे. अतितेजस्वी वस्तू अतिमात्र पाहणे हा अतियोग. अतिजवळचे, अतिदूरचे, रौद्र, भयंकर, अद्भुत, बीभत्स असे पाहणे हा मिथ्यायोग. अंधाऱ्या खोलीत वीतभर अंतरावर धरलेला पडदा व त्यावरील युद्ध यांचे याहून नेमके वर्णन आम्हांस माहीत नाही. याचे एक टोकाचे उदाहरण म्हणजे १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाची वेगवान उघडझाप दाखविली गेली आणि सुमारे ६८५ जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. काहींस आक्षेप आले होते. म्हणून अपस्माराचा पूर्ववृत्तांत या रुग्णास आवर्जून विचारावा.

दुसरा हेतू वेगधारण. मूत्र, पुरीष, क्षुधा, तृष्णा आणि निद्रा हे पाच तरी वेग सामन्यापायी अडविले जातात. निमेषोन्मेष हे व्यान वायूचे कर्म. एकटक पाहण्यात पापणी मिटण्याचे प्रमाण घटते व नेत्र रुक्ष होतात. तिसरा व सर्वांत मोठा हेतू रात्रिजागरण, जे रुक्ष आहे. आणि त्याची भरपाई म्हणून केलेला, जेवणानंतरचा दिवास्वाप, जो स्निग्ध व अभिष्यंदी आहे. एकाच शरीरात दोन्ही घडतात. म्हणूनच या रुग्णात एकीकडे शिरःशूल, मलावष्टंभ, चिडचिड, तर दुसरीकडे अंगगौरव, अग्निमांद्य व मेदवृद्धी असे परस्परविरोधी चित्र दिसते आणि केवळ बल्य द्रव्यांनी त्यात भर पडते.

येथे वडीलधारी मंडळी म्हणतील, आम्हीही जत्रेत रात्रभर दशावतार पाहिला. अवश्य पाहिला. परंतु तो वर्षातून मोजक्या रात्री, माणसांत बसून, आणि दुसऱ्या दिवशी गाव उशिरा उठे. शिवाय वाग्भटांनी जागरणाचा उताराही दिला आहे : जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी, काही न खाता झोपावे. हा नियम गेमप्रेमी रुग्णास पहिल्याच दिवशी सांगावा. चिकित्सेचा आरंभ निषेधाने न होता सवलतीने झाला, की तो ऐकू लागतो.

मुख्य उपाय पादांशिक क्रमाचा. चरक व वाग्भट दोघांनीही सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अभ्यस्त अपथ्य पावापावाने सोडावे असे सांगितले आहे. एकदम त्याग केल्यास असात्म्यज विकार संभवतात. मोबाईल हिसकावून घेण्याने काय होते याचा अनुभव २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली तेव्हा अनेक घरांनी घेतला. मुले काही दिवस सैरभैर झाली, मग दुसऱ्या खेळाकडे वळली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला आणि तीही परतली.

दहा ते चार असे सहा तास म्हणजे सुमारे बारा सामने. त्याचा पाव म्हणजे तीन सामने, दीड तास. घड्याळ न मोजता सामने मोजण्यास सांगावे. शेवटचे तीन सामने प्रथम काढावेत, म्हणजे अडीचला शयन, नंतर एक वाजता, नंतर साडेअकराला. दोन पायऱ्यांमध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ग्रंथोक्त आहे व त्याच्या गणनेत टीकाकारांचे मतभेदही आहेत. आमच्या मते या रुग्णास प्रत्येक पायरीवर किमान आठवडा द्यावा. रिकाम्या झालेल्या पावात पथ्य भरले पाहिजे, अन्यथा तेथे दुसरा पडदा येतो. निजण्यापूर्वी पादाभ्यंग, मलावष्टंभ असल्यास कोमट पाण्याबरोबर त्रिफळा, सकाळी प्रतिमर्श नस्य एवढे पुरते. उरलेला शेवटचा पाव आम्ही काढीत नाही. तो त्याचा मित्रांबरोबरचा वेळ आहे.

हे सर्व सामान्य गेमप्रेमीसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या ११व्या रोगवर्गीकरणात गेमविकारास स्वतंत्र स्थान दिले आहे. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळास अग्रक्रम मिळणे, हानी दिसत असूनही खेळ चालू राहणे, आणि हे साधारणतः बारा महिने टिकणे, अशी त्याची लक्षणे. आपल्या परिभाषेत हा धृतिविभ्रंश. शाळा किंवा काम सुटले असेल, आत्मघाताचे विचार बोलून दाखविले असतील, तर पादांशिक क्रमात वेळ न दवडता मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत यासाठी २०१४ पासून स्वतंत्र चिकित्सालय आहे, आणि शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन गोष्टी. रात्री जागण्यासाठी घेतली जाणारी कॅफिनयुक्त पेये अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार लिटरला १४५ ते ३०० मिलीग्राम कॅफिन बाळगू शकतात, म्हणजे २५० मिलीच्या एका डब्यात ७५ मिलीग्रामपर्यंत. दिवसाला ५०० मिलीहून अधिक घेऊ नये व मुलांस योग्य नाही, असे त्या डब्यावरच छापलेले असते. शाळकरी गिऱ्हाइकास ते वाचून दाखवावे. आणि लाल डोळे घेऊन आलेल्या तरुणास मागील चिठ्ठीवरचे स्टेरॉइडयुक्त थेंब पुन्हा देऊ नयेत. त्याच्या डोळ्यांस बहुधा झोप हवी असते, आणि त्या थेंबांच्या दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होण्याचा धोका असतो.