दूध कां फाटतें? : विद्युद्भाराचा जमाखर्च

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी वाड्यांतून संकलन-केंद्रापर्यंत दूध पोहोंचण्यास वेळ लागतो. वाटेंत तें आंबलें तर उकळतांच फाटतें व शेतकऱ्याचे श्रम व्यर्थ जातात. हें कसें घडतें तें आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

दुधांत केसीन नांवाचें प्रथिन असतें. त्याचे कांहीं घटक आम्लधर्मी, कांहीं अल्कधर्मी असतात. आम्लधर्मी घटक आपला हायड्रोजन सोडून ऋण विद्युद्भार घेतात. अल्कधर्मी घटक हायड्रोजन धरून धन भार घेतात. खातेवहींत जमा व नांवें यांची वजाबाकी करून शिल्लक काढतात, त्याप्रमाणें धन व ऋण यांची शिल्लक म्हणजे निव्वळ भार होय.

ही शिल्लक द्रवाच्या सामूवर, म्हणजे पी. एच्. अंकावर, अवलंबून असते. हें माप डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनीं १९०९ सालीं सुचविलें. ७ हा अंक उदासीन. त्याखालीं आम्लता वाढत जाते. प्रत्येक घटकाचाही स्वतःचा एक अंक असतो. सामू त्याच्या बरोबरीस असतां शंभरांतील पन्नास घटक हायड्रोजन सोडतात. सामू एकानें अधिक असतां सुमारें ९१, दोहोंनीं अधिक असतां ९९.

केसीनमध्यें विपुल असणारें ग्लुटामिक आम्ल घ्या. तें सुटें असतां त्याचे आम्लधर्मी घटक दोन, अंक २.२ व ४.३; अल्कधर्मी एक, अंक ९.७. सामू ६.६ असतां ऋण दोन, धन एक. शिल्लक ऋण एक. सामू ४.३ असतां ऋण दीड, धन एक. शिल्लक ऋण अर्धा. सामू ३.२ असतां शिल्लक शून्य.

केसीनचा हिशेबही याच रीतीचा. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असून केसीनची शिल्लक ऋण असते. समान भार परस्परांस दूर लोटतात, म्हणून त्याचे सूक्ष्म पुंज दुधांत विखुरलेले राहतात. जंतू दुग्धशर्करेचें आम्ल बनवितात तसतसा सामू उतरतो, ४.६ ला शिल्लक शून्य होऊन केसीन एकत्र जमतें. विरजणानें दही लागतें तें असेंच. उकळल्यास मात्र दूध त्यापूर्वींच फाटतें.

कित्येक जण आंबलेल्या दुधांत सोडा घालतात. त्यानें सामू चढून शिल्लक पुन्हां ऋण होते खरी, परंतु जंतू मरत नाहींत, आणि कायद्यानें ती भेसळच ठरते. खरा उपाय जंतूंस आवरण्याचा होय : भांडीं गरम पाण्यानें धुवावीं, दूध काढतांच थंड पाण्यांत ठेवावें, आणि रात्रीचें दूध सकाळच्या दुधांत मिसळूं नये.