गाडीच्या दाराखाली पत्रा बसवताय? आधी गंजाचा बंदोबस्त करा

बंदरावरून मासळी नेणारा पिकअप असो की बाजारात भाजी पोचवणारा टेम्पो, गाडीत सगळ्यात जास्त मार खाते ती दाराखालची आडवी पट्टी. हिला रॉकर पॅनेल म्हणतात. गॅरेजमध्ये 'सिल' हा शब्द चालतो. पुढच्या चाकाने उडवलेली खडी आणि चिखल इथंच आदळतो. मासळीची गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणीही इथंच मुरतं. म्हणून पुष्कळ जण वरून जाड पत्रा मारून घेतात. पण काम घाईत झालं तर हाच पत्रा आतली सिल खातो, आणि बाहेरून काही दिसतही नाही. हप्ते फिटायच्या आत गाडी पत्रेवाल्याकडे उभी राहिली, की रोजी बुडते ती घरादाराची.

गंज का धरतो?

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज सुरू होतो. मीठ त्याचा वेग वाढवतं. पत्रा बसवताना तीन चुका होतात. एक, ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड उघडी राहते. दोन, पत्रा आणि सिल यांच्यामध्ये ओला चिखल अडकतो आणि वाळतच नाही. तीन, दोन वेगळे धातू थेट टेकतात. स्टीलला ॲल्युमिनियमचा पत्रा लावला तर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम झिजतं. स्टेनलेसचा लावला तर गाडीचं साधं लोखंड लवकर गंजतं.

कामाचा क्रम

१. काम कोरड्या दिवसांत काढा. सिल धुऊन पूर्ण वाळू द्या, मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. टोक आत गेलं तर तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडायला हवा. सडक्या सिलवर नुसतं झाकण घालणं म्हणजे स्वतःची फसवणूक. आणि तशी गाडी विकली तर दुसऱ्याची.

२. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढा, थिनरने पुसा, प्रायमर आणि रंग द्या.

३. पत्रा धरून खुणा करा. भोक पाडण्याआधी मागे वायर, ब्रेकचा पाइप किंवा डिझेलची नळी नाही ना, हे बघा.

४. भोकं पाडल्यावर कड कानशीने घासा आणि लोखंडाचा कीस झटकून काढा. आत राहिलेला कीसच आधी गंजतो. मग प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमर आणि रंग लावून सुकू द्या.

५. पत्रा शक्यतो गॅल्वनाइज्ड घ्या. तो मागून आणि कापलेल्या कडांनाही रंगवा. मागची बाजू दिसत नाही म्हणून सोडून देऊ नका.

६. बोल्टला सीलंट लावा. पत्रा आणि सिल यांच्यामध्ये रबर किंवा नायलॉनचे वायसर घालून थोडी फट ठेवा. वरची कड सीलंटने बंद करा, खालची उघडी ठेवा.

७. सिलच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात. ती कधीही बुजवू नका. शेवटी सिलच्या पोकळीत गंजरोधक मेण फवारून घ्या.

वेल्डिंग की बोल्ट?

बोल्टच बरे. वेल्डिंगच्या उष्णतेने सिलच्या आतला रंग जळतो आणि तिथं ब्रश पोचत नाही. वेल्डिंग करावंच लागलं तर आधी बॅटरीची वायर काढा आणि नंतर आतून मेण मारा.

पुढची काळजी

खाऱ्या पाण्याची फेरी झाली की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. पत्र्यामागच्या फटीतही पाइप धरा. पावसाळ्याआधी आणि नंतर टॉर्च लावून भोकं मोकळी आहेत का ते बघा. रंगाला फोड आला असेल तर खाली गंज धरला असं समजा आणि लगेच खरडून घ्या.

मिस्त्रींकडे गाडी सोडताना एवढं जरूर विचारा: भोकांना प्रायमर लावणार ना? पाणी कुठून निघणार? या दोन प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली, तरच गाडीला ड्रिल लावू द्या.