पालक-शिक्षण : अर्थ, व्याप्ती आणि शिक्षकाची पात्रता

रुग्णालयाच्या जमाखर्चातील औषधे, उपकरणे व वेतन या बाबी सर्वांच्या परिचयाच्या असतात. 'पालक-शिक्षण' हे शीर्षक वाचल्यावर मात्र हा खर्च नेमका कशासाठी आणि हे शिक्षण देणारी व्यक्ती कोण, अशी पृच्छा देणगीदार व विश्वस्तांकडून होते. ती रास्तच आहे. त्या दृष्टीने या विषयाचा थोडक्यात परामर्श येथे घेतला आहे.

बालकाचे संगोपन करणाऱ्या व्यक्तींना त्याची वाढ, आहार, लसीकरण, आजारातील धोक्याची लक्षणे, भाषा, खेळ व शिस्त यांविषयी शास्त्रशुद्ध माहिती देणे आणि ती घरी आचरणात आणण्याचा सराव करून घेणे, म्हणजे पालक-शिक्षण होय. 'पालक' या शब्दात माता-पित्यांसह आजी-आजोबाही येतात. आजारावर उपाय करणे हा उपचार. एखाद्या कुटुंबाची विशिष्ट अडचण सोडविण्यास साहाय्य करणे हे समुपदेशन. आणि अडचण उद्भवण्यापूर्वीच सर्व पालकांना सिद्ध करणे हे पालक-शिक्षण.

महाराष्ट्रास हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व अनुताई वाघ यांच्या साथीने वाढविले. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यातूनच रुजली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पोषण व आरोग्य शिक्षण ही स्वतंत्र सेवा मानली गेली.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत स्थानिक, अल्पशिक्षित स्त्रियांना प्रशिक्षित करून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यात मातांच्या आरोग्यशिक्षणास जंतुदोषावरील उपचारांची जोड होती. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तींच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात प्रसूती झाल्यास ४२ दिवसांत अशा सहा भेटी अपेक्षित आहेत.

या प्रयोगावरून असे दिसते की, योग्य निवड, नेमके प्रशिक्षण व सततची देखरेख यांतून पात्रता घडते. केवळ पदवीने ती येत नाही. तथापि पदवी नको म्हणून कोणीही चालेल, असा याचा अर्थ नव्हे. डॉक्टर व परिचारिका यांची नोंदणी त्यांच्या परिषदांकडे होते. चिकित्सा मानसतज्ज्ञ व विशेष शिक्षक यांच्यासाठी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषद आहे. पालक-शिक्षकासाठी मात्र आपल्याकडे अशी नोंदणी नाही. अमेरिकेत कुटुंबजीवन-शिक्षकांस प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था १९८५ पासून आहे. जेथे कायद्याची चाळणी नाही, तेथे ती संस्थेनेच लावली पाहिजे. कारण चुकीचा सल्ला घरोघरी पोहोचला, तर त्याची किंमत बालकास मोजावी लागते.

याकरिता पुढील निकष असावेत, असे वाटते :

१. बालविकास, गृहविज्ञान, परिचर्या, समाजकार्य वा शिक्षणशास्त्र यांपैकी एका विषयाचे रीतसर शिक्षण.

२. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष पालकगटांसमवेत केलेले काम.

३. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत सहज संभाषण. दुधनीसारख्या सीमेवरील गावी मातेला घरच्या भाषेत सांगितलेलेच मनास पटते.

४. जन्मघुटी, चिकाचे दूध, सासूचे मत अशा विषयांवर कोणालाही कमी न लेखता बोलण्याची हातोटी.

५. स्वतःच्या मर्यादेची जाण. धोक्याचे लक्षण दिसताच बालकास तत्काळ डॉक्टरांकडे पाठविणे.

६. हितसंबंधांपासून अलिप्तता. शिशुदुग्ध पर्यायांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून दूध-पावडरच्या उत्पादकाकडून भेटवस्तूही स्वीकारू नये.

वाणिज्य शाखेच्या व्यक्तीस प्रत्येक खर्चाचे फलित पाहण्याची सवय असते. या खर्चाचे फलित ताळेबंदात सहजी दिसणार नाही. परंतु जे मूल अतिसाराने सुकण्यापूर्वीच आईने क्षारसंजीवनी देऊन सावरले, ते आपल्या खाटेवर येतच नाही. यंत्रसामग्रीप्रमाणेच सुयोग्य व्यक्तीच्या वेतनासाठीही देणगीदारांनी साहाय्य करावे, आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी, विशेषतः वडिलांनी, या वर्गांस आवर्जून उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.